आकडा आणि पावती यांच्या मध्ये

१२ नोव्हेंबर, बुधवार. काम: वजनकाट्यावर नोंद सेव्ह व्हायला इतका वेळ का लागतो, ते शोधणे.

माझ्या टेबलामागच्या फळ्यावर त्या सकाळी एवढंच लिहिलं होतं. एरवी तिथे प्रिंटरची शाई, कुणाचा पासवर्ड, कुणाचा हजेरीचा अंगठा अशी सात-आठ कामं असतात. ती सगळी पुसून टाकली, कारण या एका कामावर एका माणसाची नोकरी अडकली होती आणि माझ्याकडे तो एकच दिवस होता.

मी एका सहकारी साखर कारखान्याचा संगणक विभाग सांभाळते. राहते नगरला, ये-जा स्टाफ बसने. गाळपाचा हंगाम सुरू झाला की कारखान्यातली सगळ्यांत महत्त्वाची जागा म्हणजे वजनकाटा. उसाने भरलेली गाडी आधी काट्यावर येते, तिचं वजन होतं, मग ती ऊस ओतायच्या गव्हाणीकडे जाऊन रिकामी होते आणि परत तोलली जाते. वजाबाकी केली की उसाचं वजन. शेतकऱ्याचा भाव त्यावर आणि तोडणी करणाऱ्या टोळीची मजुरीही त्यावर. आमच्या भागात 'काटा मारणे', म्हणजे वजनात चोरी, हे दोन शब्द नुसते कानावर पडले तरी माणसं उठून उभी राहतात.

म्हणूनच आम्ही एक पद्धत ठेवली आहे. काट्यावरच्या खोलीतला संगणक स्वतःजवळ काहीही ठेवत नाही. वजनाची नोंद, गाडीचा फोटो आणि नोंदीची आणखी एक प्रत, हे सगळं तो थेट ऑफिसातल्या सर्व्हरवर, नेटवर्कवरच्या सामाईक फोल्डरमध्ये लिहितो. सर्व्हरने 'लिहिलं' असं कळवल्यावरच पावती छापली जाते. काट्यावर बसलेल्या माणसाला मागाहून आकडा बदलता येऊ नये, एवढाच हेतू. पद्धत चांगली आहे. आजही मी तिच्याच बाजूची आहे.

हंगाम सुरू झाला, गाड्यांची गर्दी झाली आणि काट्यावर आकडा दिसणं आणि पावती येणं यांच्यामध्ये अंतर पडायला लागलं. आधी जरासं. मग चहाचा कप संपेल इतकं. स्क्रीनवर वजन स्थिर दिसतंय, खालचं चक्र फिरतंय आणि पावती नाही. बाहेर बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रॉल्या यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर गेली. तोडलेला ऊस उन्हात वाळतो आणि वाळला की वजनात घटतो. रांगेतल्या प्रत्येकाला हे माहीत असतं. त्यामुळे काट्याच्या खिडकीशी उभा असलेला माणूस आधीच तापलेला असतो.

सोमवारी अशाच एका गाडीचं वजन चालू होतं. ऊस जवळच्याच गावच्या एका वयस्कर शेतकऱ्याचा. ते स्वतः खिडकीशी उभे होते. आत आमचा काटा क्लार्क होता. हा पाथर्डीकडचा. त्याच्या घरातली माणसं पिढीभर ऊस तोडायला बाहेर पडली, हा मात्र शिकला आणि हंगामी कामावर काट्याच्या खोलीत बसला. हंगामी म्हणजे दर वर्षी बोलावलं तर काम, नाही तर नाही. तोंडाने भारी. रांगेतल्या गाडीवानांशी त्याची टवाळी दिवसभर चालू असते, त्यावर रांग जरा शांत राहते.

त्याने सेव्हचं बटण दाबलं. चक्र फिरत राहिलं. त्याने परत दाबलं. बऱ्याच वेळाने एकदम दोन पावत्या बाहेर आल्या, एकाच गाडीच्या. त्याने स्क्रीनवरची दुसरी नोंद रद्द केली, दुसरी पावती फाडून टोपलीत टाकली आणि पहिली खिडकीतून पुढे केली. तोपर्यंत मागे उभ्या असलेल्या कुणीतरी मोबाईलवर सगळं टिपलं होतं. आकडा दिसतो, मग बराच वेळ काहीच नाही, मग एक ओळ पडद्यावरून नाहीशी होते आणि एक पावती फाडली जाते. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ आसपासच्या गावांच्या ग्रुपवर फिरला.

मंगळवारी ते शेतकरी आमच्या एमडी साहेबांच्या केबिनमध्ये बसले होते. मलाही बोलावलं.

"आकडा दिसतो तवा पावती का न्हाई येत?" त्यांनी मला विचारलं. "मधल्या टायमात आत काय शिजतं ते सांगा, म्याडम. आमी अडानी, पन चुलीवर भांडं ठिवलंय एवढं तर कळतं."

मी म्हटलं, मशीन हळू चालतंय.

"मशीन हळू, आन फाडायला मातर हात चपळ!"

ते गेल्यावर साहेब मला म्हणाले, "गुरुवारी सकाळी अकरापर्यंत कारण द्या. नुसतं 'हळू चालतंय' नको. कारण नसेल तर मी त्या माणसाला कमी करतो. तोपर्यंत त्याने काट्याच्या खुर्चीवर बसायचं नाही."

बुधवारी सकाळी मी काट्यावर गेले तर क्लार्क खोलीबाहेर उभा. खुर्चीवर दुसराच माणूस. क्लार्क कुणाशी बोलत नव्हता, आणि हे मला चिडलेल्या रांगेपेक्षा जास्त खटकलं.

"दोनदा का दाबलं?" मी विचारलं.

"मॅडम, आमच्याकडं विहिरीवर मोटार चालू करताना बटन एकदा दाबून कुणी जात न्हाई. लाईट कमी आसती. धरंस्तवर दाबायचं. हाताला सवय हाय." मग म्हणाला, "घरी व्हिडिओ आला. पोरीनं मला दाखिवला. म्हनली, पप्पा, हे तुमीच ना?"

मी म्हटलं, "चल, ती जादा केबल घे आणि माझ्याबरोबर ये."

पहिला संशय केबलवर. काट्यापासून ऑफिसपर्यंतची तार जमिनीखालून आणि मग भुसार गोदामाच्या भिंतीवरून येते. तिथे उंदीर आहेत. दोन हंगामांपूर्वी त्यांनी एक तार सोलून ठेवली होती. भिंतीवरचं सगळं तपासलं, तार शाबूत. तरीही काट्याच्या खोलीतला तुकडा बदलला. काही फरक नाही. मधली जोडपेटी बदलली. काही फरक नाही. प्रत्येक वेळी क्लार्क खिडकीतून आत बघायचा, चक्र फिरताना दिसलं की मान खाली घालायचा. रांगेतला एक ट्रॅक्टरवाला त्याला म्हणाला, "काय रं, आज भाईर? आतलं शिजलं का?" एरवी त्याने याला शालजोडीतला दिला असता. आज नुसता हसला, तेही अर्धवट.

मग मला जे सकाळीच सुचायला हवं होतं ते सुचलं. सर्व्हरवर वार्षिक सभेचा एक लांबलचक व्हिडिओ पडलेला आहे. तो मी सर्व्हरवरून काट्याच्या संगणकावर घेतला. भरभर आला. तोच परत सर्व्हरवर टाकायला घेतला. सरकेना.

म्हणजे आणताना काही अडत नव्हतं, ठेवताना अडत होतं. आतापर्यंत सगळ्यांनी, माझ्यासकट, एकच तपासणी केली होती: "फाईल उघडतेय ना? मग नेटवर्क ठीक आहे." उघडणं म्हणजे वाचणं. आमचा त्रास लिहिण्यात होता.

मी ऑफिसात आले. सर्व्हरच्या समोर बसून, नेटवर्क मध्ये न आणता, त्याच्याच डिस्कवर तीच फाईल लिहून पाहिली. तिथेही तसंच रेंगाळणं. तार खराब असती तर तार बदलली असती. सर्व्हरची डिस्क जात असेल तर तिच्यात या हंगामाची सगळी वजनं आहेत. मी आधी सगळ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढायला लावली. ती वाचायचीच असल्याने लवकर निघाली. नवऱ्याचा फोन आला, बस चुकली तर कुणाच्या गाडीने येशील म्हणून. मी म्हटलं, आत्ता विचारू नकोस.

डिस्कमध्ये जागा होती. डिस्कचे दिवे सगळे हिरवे. व्हायरस तपासणारा प्रोग्राम बंद करून पाहिला. तेच. शेवटी, डिस्क सांभाळणारं जे कार्ड सर्व्हरच्या आत असतं, त्याची स्वतःची नोंदवही उघडली. ही मी वर्षातून एकदासुद्धा बघत नाही. तिथे एक ओळ लाल होती, आणि रोज सकाळी तीच परत: बॅटरी निकामी, राखीव मेमरी बंद.

हे मी साहेबांना जसं सांगितलं तसंच इथे सांगते. दळणाच्या गिरणीत आपण डबा ठेवतो, गिरणीवाला "ठेवा" म्हणतो, आपण घरी येतो. दळण नंतर होतं. ते कार्डही तसंच करतं. आलेली नोंद आपल्या मेमरीत घेतं, लगेच "झालं" म्हणतं आणि डिस्कवर सावकाश उतरवतं. मध्येच लाईट गेली तर मेमरीतलं पुसून जाऊ नये म्हणून त्याला स्वतःची छोटी बॅटरी असते. बॅटरी मेली की कार्ड कुणाचाही डबा ठेवून घेत नाही. उभं राहा, तुमच्यासमोर दळतो, मगच जा. प्रत्येक नोंदीला, प्रत्येक फोटोला, प्रत्येक प्रतीला. ऑफिसच्या तुरळक कामात हे कुणाला जाणवलं नाही. काट्यावर एकामागून एक गाड्या यायला लागल्या, फोटो आणि प्रती ढिगाने यायला लागल्या आणि गिरणीपुढे रांग लागली.

पहिल्या लाल ओळीची तारीख पाहिली, दसऱ्यानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवसाची, आणि मी सर्व्हरच्या डब्याकडे पाहिलं. वरच्या पत्र्यावर हळदकुंकवाची बोटं अजून होती. खंडेनवमीला आमच्याकडे वर्कशॉपच्या पान्यापासून बॉयलरपर्यंत सगळ्याची पूजा होते आणि पूजा झालेल्या हत्याराला काम सांगायचं नाही, असा शिरस्ता आहे. संगणक खोलीतही तसंच. झेंडूची माळ, नारळ, आणि भिंतीवरचा मेन स्विच बंद. दसऱ्याची सुट्टी होऊन कामावर येईपर्यंत बंदच. दर वर्षी असंच होतं आणि दर वर्षी सर्व्हर मुकाट्याने चालू होतो. बॅटरी जुनी झालेली होती. या वर्षी पूर्ण उतरली ती परत भरलीच नाही. आम्ही तिला विश्रांती दिली, ती उठलीच नाही.

मी पुण्याला फोन लावला, आमच्या सर्व्हरची देखभाल करणाऱ्याला. तो तरुण माणूस, नेहमी घाईत.

"बॅटरी परवापर्यंत पाठवतो, मॅडम. पण तुम्ही थांबू नका. सेटिंगमध्ये जा, राखीव मेमरी जबरदस्तीने चालू करा. बॅटरी असो नसो. एका क्लिकचं काम आहे, सुसाट चालेल."

"आणि लाईट गेली तर?"

"यूपीएस असेलच की."

मी त्या सेटिंगपर्यंत गेले. खरंच एक क्लिक होता. खाली पिवळ्या पट्टीत इशारा होता, वीज गेल्यास माहिती नष्ट होऊ शकते. माझं बोट माऊसवर होतं. खिडकीतून रांग दिसत होती. दारात क्लार्क केबलचं वेटोळं खांद्यावर घेऊन उभा होता. त्याला सेटिंगमधलं काही कळत नव्हतं, पण माझं बोट थांबलंय हे कळत होतं.

"सापडलं का, मॅडम?"

"सापडलं."

"मंग दाबा की."

हाच तो विहिरीवरचा हात, मी मनात म्हटलं, मोटार धरेपर्यंत दाबणारा. आमच्या यूपीएसवर माझा भरवसा नाही. पावसाळ्यात तो एकदा पाणी मागणाऱ्या माणसासारखा किंचाळून बंद पडला होता. उद्या लाईट गेली आणि शेवटच्या काही गाड्यांची वजनं मेमरीतच विरली, तर गाडीवानाच्या हातात पावती असेल आणि आमच्याकडे नोंद नसेल. आज लोक म्हणतात आकडे गायब करतात. उद्या आकडे खरंच गायब होतील. आणि तेव्हा काट्यावर कोण बसलेलं असेल?

मी काही न दाबता सेटिंग बंद केलं आणि साहेबांकडे गेले.

त्यांनी ऐकून घेतलं. गिरणीचा दाखला त्यांना पटला, त्यांच्या मामांची गिरणी होती. पण लगेच म्हणाले, "मला एकच सांगा. चोर माणूस आहे की मशीन?"

"दोघंही नाहीत. मशीन भित्रं झालंय, साहेब. लिहून झाल्याशिवाय हो म्हणत नाही. आणि माणसाने घाई केली."

"मग पुण्याचा म्हणतो ते करा ना. रांग तरी हलेल."

"करणार नाही. लेखी आदेश द्या, मग करते."

आमच्याकडे लेखी म्हटलं की पुष्कळ गोष्टी थंड होतात. साहेब म्हणाले, "ठीक. पण हे मला पटून उपयोग नाही. कारण मीही आतलाच. उद्या सकाळी त्या शेतकऱ्याची दुसरी गाडी येणार आहे. त्यांच्यासमोर दाखवा. त्यांचं समाधान झालं तर झालं. नाहीतर अकरा वाजता मी सांगितलं तेच."

उरलेल्या दिवसात जे करता येण्यासारखं होतं ते केलं. गाडीचा फोटो आता काट्याच्या संगणकावरच ठेवायचा आणि पाळी संपली की सर्व्हरवर न्यायचा. नोंदीची दुसरी प्रत बॅटरी येईपर्यंत बंद. फक्त वजनाची नोंद तेवढी लगेच, पूर्वीसारखीच, सर्व्हरवर. लिहायचं कमी झालं तसं थांबणंही कमी झालं. नाहीसं झालं नाही. आकडा आणि पावती यांच्यामध्ये अजून एक मोठा श्वास घेऊन सोडण्याइतकं अंतर होतंच. सेव्हच्या बटणाशेजारी मी कागद चिकटवला: एकदाच दाबा आणि थांबा.

क्लार्कने तो वाचला. "हे माझ्यासाठी हाय का?"

"सगळ्यांसाठी आहे."

"न्हाई, माझंच हाय," तो म्हणाला आणि कागदाचा सुटलेला कोपरा नीट दाबून बसवला.

घरी पोहोचले, जेवले, आडवी झाले. झोप लागली नाही. बॅटरीचं कारण खरं होतं, पण खरं कारण आणि पटलेलं कारण यांत फरक असतो. माझ्याजवळ दाखवायला काय होतं? इंग्रजीतली एक लाल ओळ. ती त्या माणसाला दाखवली तर तो म्हणेल, ही पन तुमीच लिवली असंल. आणि त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या स्टाफ बसने गेले. ऑफिसात न जाता थेट काट्यावर. स्क्रीन टेबलावरून उचलून खिडकीशी तिरका करून ठेवला, आतल्याला आणि बाहेरच्याला सारखाच दिसेल असा. खुर्चीवर मी स्वतः बसले. क्लार्कला माझ्या मागे उभं केलं. खुर्चीवर बसायचं नाही असा हुकूम होता, उभं राहायचं नाही असा नव्हता.

ते शेतकरी ऊन चढायच्या आधीच आले. मी त्यांना खिडकीशीच थांबायला सांगितलं.

"बाबा, आता आकडा येईल तो तुमचा. पावती हातात येईपर्यंत त्याच्यावरून नजर काढू नका. मोबाईलवाला असेल तर त्यालाही बोलवा."

"आन मधी जे थांबतं ते?"

"आज पण थांबेल. थोडं. त्याची बॅटरी गेलीय. लिहून पक्कं झाल्याशिवाय ते पावती देत नाही. सोमवारी ते थांबलेलं बघून याने दोनदा दाबलं. दोन पावत्या आल्या. एका गाडीच्या दोन पावत्या तुम्हाला दिल्या असत्या तर चाललं असतं?"

गाडी काट्यावर चढली. बैल थांबले. आकडा हलत हलत स्थिर झाला. मी गाडीचा क्रमांक टाकला, टोळीचा क्रमांक शोधला, गावाचं नाव निवडलं, चुकलं, परत निवडलं, पुन्हा एकदा सगळं वाचून पाहिलं आणि बटण दाबलं. एकदाच. चक्र फिरलं. खिडकीत ते, आत मी, माझ्या मागे तो, तिघंही त्या आकड्याकडे बघत होतो. पावती आली. आकडा तोच होता.

त्यांनी पावती डोळ्यांजवळ नेली, स्क्रीनशी ताडून पाहिली, घडी करून खिशात ठेवली. पण हलले नाहीत. "आजून एक बघू द्या," म्हणाले.

मी दुसरी गाडी घेतली. तिसरी घेतली. प्रत्येक वेळी गावाचं नाव शोधायला मला वेळ लागत होता. मागून ट्रॅक्टरचे हॉर्न सुरू झाले. कुणीतरी ओरडलं, "आज काट्याव कोन बशिवलंय?"

चौथ्या गाडीला मी टोळीचा क्रमांक चुकवला. मागून क्लार्क हळूच म्हणाला, "खालचा, मॅडम."

ते बाबा खिडकीच्या गजावर हात टेकून म्हणाले, "म्याडम, मशीनीचं पटलं मला. तुमच्या हाताचं न्हाई पटत. ह्या गतीनं माझी रिकामी गाडी उद्या तोलाल."

मी मागे बघितलं नाही. त्यांनाच विचारलं, "मग?"

"मंग काय? बशिवा त्यालाच." मग त्याच्याकडे बोट करून म्हणाले, "पन तू, एकदाच दाबायचं. आन मी हितंच हाय."

"व्हय, बाबा," तो म्हणाला.

मी साहेबांना फोन लावून मोबाईल खिडकीतून बाबांच्या हातात दिला. ते त्यांच्याशी काय बोलले ते हॉर्नमध्ये ऐकू आलं नाही. मोबाईल परत घेतला, साहेबांचं 'बसू दे त्याला' ऐकलं, क्लार्कला खुर्ची दिली आणि ऑफिसकडे निघाले. बॅटरी पुण्याहून निघाली का, ते विचारायचं होतं.